सोलापूरच्या उन्हात फॉर्मल बूट : नंबर सगळे बघतात, रुंदी कोण बघतं?

माळरान (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

लग्नसराई तोंडावर आली की आमच्या दुकानात ब्लेझर-सूटच्या ट्रायलची गर्दी सुरू होते. पँटची उंची घ्यायची म्हणून आम्ही गिऱ्हाइकाला मुद्दाम सांगतो, लग्नात जे बूट घालणार तेच घालून या. त्यामुळे धंदा कपड्यांचा असला तरी माझ्या नजरेखालून बूटही तेवढेच जातात. आणि दर सीझनला तेच चित्र दिसतं. कोट खांद्यात अगदी बेतशीर, शर्टाची कॉलर झकास, आणि खाली पुढे निमुळते होत गेलेले, चवड्यापाशी दोन्ही बाजूंनी फुगलेले बूट. नवरदेव आरशासमोर जरा वेळ उभा राहतो आणि मग एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार टाकायला लागतो. विचारलं तर म्हणतो, "नवीन आहेत, लागणारच की."

हा "लागणारच" मला मान्य नाही. बूट लागतो तो बहुतेक वेळा रुंदीला कमी पडतो म्हणून. आणि रुंदीला कमी पडलेला बूट दिसायलाही चांगला राहत नाही. करंगळीपाशी चामडं बाहेर ढकललं जातं, पुढे वेड्यावाकड्या घड्या पडतात, सोलच्या कडेवरून वरचा भाग लोंबायला लागतो. आराम हवा तर रुबाब सोडा, रुबाब हवा तर पाय सोसा, अशी वाटणी लोकांनी करून टाकली आहे. मापात बसलेल्या बुटात दोन्ही एकत्रच मिळतात.

हे घरी तपासायला काही लागत नाही. संध्याकाळी, दिवसभर चालून-उभं राहून पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा, मोजे घालून कोऱ्या कागदावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा. दुसऱ्या कुणाला तरी पायाभोवती रेघ मारायला सांगा, पेन्सिल अगदी उभी धरून. आपणच वाकून मारली तर भार हलतो आणि माप चुकतं. मग कागदावर तुमचा बूट ठेवा. अंगठ्याच्या मुळापासून करंगळीच्या मुळापर्यंतचा जो सगळ्यात रुंद भाग, तिथे पेन्सिलची रेघ सोलच्या बाहेर डोकावत असेल तर तो बूट तुमचा नव्हे. नंबर काहीही लिहिलेला असो. आमच्याकडे ट्रायल रूमच्या बाहेर मी हे कित्येकांना करून दाखवलं आहे. करंगळीच्या बाजूला अर्धा-पाऊण सेंटीमीटर रेघ बाहेर आलेली बघून माणूस गप्प होतो.

यावर दुकानात मिळणारा ठरलेला सल्ला म्हणजे "एक नंबर मोठा घ्या." त्याने काय होतं बघा. आपल्याकडे चालणारे नंबर ब्रिटिश पद्धतीचे. त्यात एका नंबरामागे लांबी एक तृतीयांश इंच, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर वाढते. रुंदी त्या मानाने थोडीच वाढते. मग बूट जिथे दुमडायला हवा ती जागा तुमच्या चवड्याच्या पुढे सरकते, टाच मागून उचलली जाते, आणि काही महिन्यांत पुढचं टोक वर वळतं. करंगळी वाचली, पण टाचेला फोड.

आणि हा प्रश्न फक्त तुमच्या-माझ्या पायांचा नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरात एक लाखाहून जास्त लोकांच्या पायांची मापं थ्रीडी स्कॅनरवर घेतली. आपले पाय युरोपी-अमेरिकी पायांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद आहेत, हे त्यातून पुढे आलं. त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धतीही सुचवली गेली. ती दुकानात रुळेपर्यंत आपली रुंदी आपणच बघायची.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः आपल्या इथल्या उन्हाळ्यात दिवसभर बंद बूट घालणारे काय करतात ते वाचायचं आहे.

शेंगाचटणी

दादा, अगदी वेळेवर धागा काढलात. पुण्यात कॅम्पस मुलाखतीचा दुसरा राउंड आहे, हुतात्मा एक्सप्रेसने जाणार. आजवर स्पोर्ट शूजशिवाय काही घातलं नाही. बजेट तीन हजारांपर्यंत. मित्र म्हणतोय काळा ऑक्सफर्डच घे, बाकी सगळं कॅज्युअल. पण एका दुकानात घालून बघितला तर पायाच्या वरच्या उंचवट्यावर इतका दाब आला की लेस बांधताच येईना. नाडीच्या दोन पट्ट्यांत दोन बोटं बसतील एवढी फट राहिली. काय करू?

माळरान

@शेंगाचटणी, डर्बी घे आणि निश्चिंत राहा.

दोन्हीतला फरक नाडीच्या जागी असतो. ऑक्सफर्डमध्ये भोकं असलेल्या दोन्ही पट्ट्या पुढच्या चामड्याच्या खाली शिवलेल्या असतात, म्हणून तो भाग खालून बंद असतो. उघडायला जागाच नाही. डर्बीत त्याच पट्ट्या पुढच्या चामड्याच्या वर बसवलेल्या असतात, त्या दोन पाखांसारख्या मोकळ्या उघडतात. पायाचा वरचा भाग उंच असलेल्याला, रुंद पायवाल्याला डर्बी जशी बसते तसा ऑक्सफर्ड बसत नाही. ऑक्सफर्ड जास्त औपचारिक मानतात हे खरं. पण ऑक्सफर्डमध्ये नाडीच्या पट्ट्या पार फाकलेल्या राहिल्या तर तो वाईट दिसतो. नवीन असताना थोडी फट असावी, अर्धा सेंटीमीटरच्या आसपास. चामडं सैलावलं की ती मिटते. आधीच पट्ट्या एकमेकींना चिकटल्या तर पुढे नाडी आवळून उपयोग नाही.

मुलाखतीसाठी काळी, साधी, पुढे नक्षी नसलेली डर्बी. आरशासारखं चकचकीत प्लास्टिक फिनिश नको. टोक गोलसर बघ, बोटं हलवता आली पाहिजेत. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा. लांब बोट अंगठाच असेल असं नाही, पुष्कळांचं दुसरं बोट लांब असतं. दोन पायांत फरक असेल तर मोठ्या पायाचं माप धर.

आणलेल्या दिवशीच पुण्याला घालून जाऊ नकोस. आधी रोज संध्याकाळी घरात फरशीवर थोडा वेळ घाल. गाडीत चपलाच बऱ्या, किंवा बूट घातलेस तर नाडी सैल सोड. चार तास पाय लोंबते ठेवून बसलं की पाय सुजतात, उतरल्यावर लगेच घट्ट बांधलं की दिवसभर खुपतं.

बॅगवाला

एमआर आहे, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी. आज मोहोळ, उद्या मंगळवेढा, परवा बार्शी. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या घरात असतो आणि आम्हाला डॉक्टरांच्या केबिनबाहेर बुटांतच उभं राहायचं असतं. तेव्हा या विषयावर माझं मत पक्कं आहे.

पहिली गोष्ट, बुटाचं अस्तर. वर कितीही भारी चामडं असू द्या, आत रेक्झिन असेल तर घाम जाणार कुठे? मोजा भिजतो, पाय आत घसरतो, मग फोड. आत चामड्याचं अस्तर असेल तर ते घाम थोडा पिऊन घेतं आणि रात्रभरात सोडतं. पण त्याला रात्र मिळाली पाहिजे. म्हणून दोन जोड, एक आड एक दिवस. एका महागड्या जोडाऐवजी मी दोन मध्यम जोड घेतो, आणि दोन्ही मिळून एका जोडापेक्षा दुपटीहून जास्त टिकतात. कारण ओल्या बुटातच पुन्हा पाय घातला की आतून कुजायला सुरुवात होते. वासही त्याच कारणाने येतो.

बूट उन्हात वाळवू नका. गच्चीवर ठेवला की संध्याकाळपर्यंत कडक होतो आणि घडीवर तडकतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत, पंख्याखाली.

मोजे: निव्वळ सुती मोजा घाम धरून बसतो, निव्वळ नायलॉनचा चिकटतो. पातळ, सुती आणि नायलॉन मिश्र चांगला. बॅगेत एक जास्तीचा जोड असतोच, दुपारी जेवणानंतर बदलतो. दुसरं काहीही करू नका पण हे करून बघा.

आणि बाईकवाल्यांसाठी: डाव्या बुटाचं टोक गिअरच्या दांड्याने घासून पांढरं पडतं. उजवा बूट नवा, डावा म्हातारा. गिअरला रबरी नळीचा तुकडा बसवून घ्या, कुठल्याही गॅरेजमध्ये बसवून देतात. टाचेने गिअर टाकता येत असेल तर तीच सवय लावा.

सातरस्ता

दुपारी मोजे बदलायच्या मुद्द्याला +१. संध्याकाळचा थकवाच कमी होतो.

माझा प्रश्न वेगळा आहे. आपल्याकडे बूट काढावे किती वेळा लागतात! क्लायंटच्या घरी गेलो, काढा. हातमागाच्या कारखान्यात गादीवर बसायचं, काढा. गुरुवारी दत्ताला, सोमवारी सिद्धेश्वराला, काढा. नाडीचे बूट दिवसातून दहा वेळा सोडा-बांधायचे? लोफर घेऊ का? ऑफिसात चालतो का?

माळरान

चालतो. काळा किंवा गडद तपकिरी, साधा, वर पट्टीचा लोफर शर्ट-पँटवर उत्तम दिसतो. सूटवर, आणि तेही लग्नात नवरदेवाने, मी सुचवणार नाही. पण ऑफिसला अवश्य.

मात्र लोफरचं माप नाडीच्या बुटापेक्षा काटेकोर लागतं. नाडी नसल्यामुळे पायाला धरून ठेवतो तो फक्त वरचा पट्टा आणि टाचेचा कप. नवीन असताना जरा घट्टच वाटला पाहिजे, पण बोटं दाबली जाता कामा नयेत. चामडं रुंदीला सैलावतं, लांबीला नाही. दुकानात सहज सरकन पाय गेला तर महिन्याभरात पायऱ्या उतरताना टाच बाहेर येईल.

दुसरा मार्ग म्हणजे मंक स्ट्रॅप. बाजूला बक्कल असतं, तेवढं सोडलं की काम झालं. लोफरपेक्षा औपचारिक. आणि काहीही घ्या, शूहॉर्न, म्हणजे टाच आत सरकवायची पट्टी, जवळ ठेवा. बूट पायात कोंबताना मागचा भाग दाबून चपटा करणं ही आपल्याकडची सर्रास सवय आहे. आतला टाचेचा कडक कप एकदा मोडला की बूट टाचेला कधीच धरत नाही.

उजनी_बॅकवॉटर

बँकेतून निवृत्त. नोकरीभर काळे बूट घातले, आजही बाहेर पडताना घालतो. पॉलिशबद्दल दोन शब्द लिहितो, कारण हल्ली स्पंजची डबी घासून चमक आणतात आणि त्यालाच पॉलिश म्हणतात. तो स्पंज वरवर तेलकट थर देतो, चामड्याला त्याचा काही उपयोग नाही.

आपल्या सोलापुरात दोन शत्रू. कोरडी हवा आणि धूळ. विजापूर रोडला संध्याकाळी एक फेरी मारून या आणि बुटाच्या घड्यांत बघा, पिठासारखी बारीक धूळ बसलेली असते. त्यावरच पॉलिश चोपडलं की ती धूळ आत कोंडली जाते आणि प्रत्येक पावलाला पॉलिश पेपरसारखी चामडं खात राहते. म्हणून रोज पॉलिश नको, रोज ब्रश. घरी आल्यावर घोड्याच्या केसांच्या ब्रशने घड्यांतली धूळ झटकायची, मग ओलसर फडक्याने पुसायचं. एवढं केलं तर पॉलिश पंधरवड्यातून एकदा पुरतं.

पॉलिश दोन प्रकारचं. क्रीम चामड्यात मुरतं, त्याला मऊ ठेवतं, रंग भरून काढतं. डबीतलं मेणाचं पॉलिश वर थर देतं, चमक देतं. कोरड्या हवेत नुसतं मेण लावत राहिलात तर आतलं चामडं वाळत जातं आणि एक दिवस घडीवर चीर पडते. आधी क्रीम अगदी थोडं, जुन्या बनियनच्या तुकड्याने, गोल गोल. पंधरा मिनिटं मुरू द्या. ब्रश मारा. मग हवं तर टोकाला आणि टाचेला मेण. घडीच्या जागी मेणाचा जाड थर देऊ नका, तो तडकून पांढऱ्या रेघा दिसतात.

बूट काढल्यावर आत लाकडी साचा ठेवावा. देवदाराचा मिळाला तर तो ओलही शोषतो. तो नसेल तर वर बॅगवाला यांनी सांगितल्याप्रमाणे वर्तमानपत्र.

कडकभाकरी

नमस्कार. माझी शंका सगळ्या घरांतल्या बायकांची असेल. आमच्या "ह्यांचे" लग्नातले बूट मी खोक्यात, कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवले होते. वर्षातून एखाद्या वेळी घातले असतील. परवा भाच्याच्या लग्नात होटगी रोडच्या मंगल कार्यालयात, जेवणाच्या पंगतीकडे जाताना डाव्या बुटाचा सोल टाचेकडून सुटला. वाटलं, गोंद सुटला असेल. उचलून बघितला तर बोटाने दाबला तिथे चुरा व्हायला लागला. मागे फरशीवर काळ्या चुऱ्याची रांग. वरचं चामडं मात्र नव्यासारखं. न वापरलेला बूट असा मोडतो? दुकानदार म्हणतो आम्ही काय करणार, इतक्या वर्षांनी आलात.

रापी_आणि_आरी

ताई, तुमचं ठेवण्यात काही चुकलेलं नाही. हे आमच्याकडे दर लग्नसराईत येतं. वडिलांचं दुरुस्तीचं दुकान आहे, मी लहानपणापासून तिथेच बसतो, म्हणून सविस्तर लिहितो.

तो सोल पीयूचा होता. पॉलियुरेथेन. वजनाला एकदम हलका, पायाखाली मऊ, म्हणून कंपन्या वापरतात आणि गिऱ्हाइकालाही घालताना आवडतो. पण त्यातले पुष्कळ प्रकार हवेतल्या ओलाव्याने आतून फुटत जातात. बूट वापरा किंवा न वापरा, कारखान्यातून निघाल्या दिवसापासून हे सुरू असतं. उष्णतेने वेग वाढतो, आणि बंद कपाटात, लॉफ्टवर, पत्र्याखाली ठेवलेल्या खोक्यात तर फारच. उलट अधूनमधून चालत राहिलं तर सोल जास्त दिवस टिकतो. म्हणजे "लग्नाचा आहे, जपून ठेव" हेच त्या सोलला मानवत नाही.

ओळखायचा कसा? हातात घेतला तर आकाराच्या मानाने फार हलका. कडेला कापलेला भाग दिसत असेल तर आत बारीक बारीक बुडबुडे. नखाने दाबलं तर खड्डा पडून हळूहळू वर येतो. जुना झाला की दाबल्यावर चिकट लागतो किंवा भुसा पडतो. लग्नाच्या आधी बूट खोक्यातून काढून हाताने सोल वाकवून बघा, टाचेच्या कडेला अंगठा दाबून बघा. घरी मोडलेला बरा. रबराचा, टीपीआरचा (प्लास्टिकसारखं साच्यात ओतलेलं रबर) सोल असा चुरा होत नाही, जड असतो एवढंच.

तुमचे बूट टाकू नका. वरचं चामडं चांगलं आहे म्हणता ना. जुना सोल पूर्ण खरवडून काढायचा, खालचा भाग घासून स्वच्छ करायचा, रबरी सोल चिकटवायचा आणि कडेने शिवून घ्यायचा. त्या सोलवर बूट आणखी बरीच वर्षं जातो.

आता बांधणीबद्दल, कारण यातच लोक फसतात. बाजारातले बहुतेक फॉर्मल बूट चिकटवलेले असतात. त्यात वाईट काही नाही, हलके असतात, स्वस्त पडतात. पण सोलच्या कडेला जी टाक्यांची रांग दिसते ती पुष्कळदा नुसती शोभेची असते, साच्यातच उठवलेली. दोरा खरा आहे का ते खालून बघा. गुडइयर वेल्ट बांधणीत बुटाच्या कडेने चामड्याची पट्टी फिरवतात. ती वरच्या चामड्याला आणि आतल्या तळाला शिवतात, आणि सोल त्या पट्टीला शिवतात. मधल्या पोकळीत बुचाचा थर असतो, तो हळूहळू तुमच्या पायाच्या आकाराला दबतो. सोल झिजला तर पट्टीचा टाका उसवून नवा लावता येतो, वरच्या बुटाला धक्का लागत नाही. जड, सुरुवातीला कडक आणि महाग, आपल्या देशी बनावटीचाही आठ-दहा हजारांच्या पुढेच जातो. ब्लेक बांधणीत आतून थेट सोलपर्यंत एकच टाका. बूट बारीक, लवचीक, दिसायला नाजूक, पण पावसात खालून पाणी झिरपतं.

आमच्यासारख्याकडे लाकडी फरमे, म्हणजे पायाच्या आकाराचे साचे, असतात. करंगळीपाशी बूट लागत असेल तर नेमक्या त्या जागी फरम्यावर चामड्याचा छोटा तुकडा ठोकायचा, आतून बूट ओलसर करायचा, फरमा घालून दोन रात्री ठेवायचा. खरं चामडं असेल तर तीन-चार मिलिमीटर जागा निघते. रेक्झिन असेल तर काही होत नाही, परत आवळतं. आणि लांबी कमी असेल तर तो बूट आमच्याकडे आणू नका, ती वाढत नाही.

कडकभाकरी

फार फार आभार. आता बाकीची खोकीही उघडून बघते. मुलाच्या शाळेच्या निरोप समारंभासाठी घेतलेलेही तसेच पडून आहेत.

पायवाट

फिजिओथेरपिस्ट आहे. थोडक्यात तीन गोष्टी.

कुरूप कापून काढणारे पुन्हा पुन्हा येतात, कारण बूट तोच असतो. जिथे कुरूप, तिथे बुटाचा दाब. आधी बूट बदला.

मधुमेह असलेल्यांनी नवीन फॉर्मल बूट घ्यायचा तर अधिक काळजी. पायाची संवेदना कमी झाली असेल तर "लागतंय" हे कळतच नाही, फोड होऊन चिघळल्यावर कळतं. मऊ चामड्याची, रुंद टोकाची, आत शिवण टोचणार नाही अशी डर्बी. घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा वगैरे नाही ना बघायचं. मोजे पांढरे किंवा फिकट रंगाचे, कुठे पाणी किंवा रक्त लागलं तर लगेच दिसतं. ऑफिसात काळ्यावर पांढरे मोजे कसे दिसतील याची चिंता करू नका, फिकट राखाडी घ्या. आणि उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या दगडी फरशीवर अनवाणी चालू नका, मोजे घालून चाला. तळव्याला भाजलेलं रात्री घरी कळतं.

टाचेची उंची दोन-अडीच सेंटीमीटर पुरे. अगदी सपाट सोल सगळ्यांना मानवतो असं नाही, आणि उंच टाच सगळा भार चवड्यावर ढकलते.

हिप्परगा

जर्मनीतून वाचतोय. इथे नंबर वेगळे चालतात. आपल्या नंबरात साडेआठ मिलिमीटरची उडी, तर युरोपी ४१, ४२, ४३ मध्ये सहा-सात मिलिमीटरची. त्यामुळे खोक्यावरचा तक्ता कधीच तंतोतंत जुळत नाही. ऑनलाइन घेणार असाल तर पायाची लांबी मिलिमीटरमध्ये मोजून ठेवा आणि कंपनीच्या तक्त्यात तीच बघा.

रुंदीसाठी इंग्लंडच्या कंपन्या नंबरापुढे अक्षर लावतात. ई, एफ, जी, एच. अक्षर जितकं पुढचं तितका बूट रुंद. मात्र एका कंपनीचं मध्यम दुसरीकडे रुंद ठरू शकतं. पहिल्यांदा इथल्या दुकानात माझ्या पायाची रुंदी पट्टीवर मोजली आणि दुकानदाराने त्याच नंबराचा, पुढच्या अक्षराचा बूट आणून दिला, तेव्हा इतकी वर्षं आपल्या दुकानांत हे कुणी विचारत का नाही याचं वाईट वाटलं. आपल्याकडे तामिळनाडूत अंबूरला आणि उत्तरेत कानपूर-आग्र्याला अख्ख्या जगासाठी बूट शिवले जातात. तिथे शिवलेल्या रुंद फिटिंग आपल्याच पेठेत दिसत नाहीत.

सातरस्ता

@हिप्परगा, शंभर टक्के सहमत. नव्या पेठेत दुकानागणिक विचारलं, "रुंद फिटिंग आहे का?" बहुतेकांनी मोठा नंबरच पुढे केला. एका जुन्या दुकानातल्या काकांनी मात्र पाय बघून वेगळाच फरमा असलेला जोड आतून काढून दिला. म्हणजे माल असतो, विचारणारे हवेत.

बॅगवाला

सगळ्यांनी विचारायला लागा, मग ठेवतील.

जरा बाजूचा विषय. साखरपुडा, हळद, कुर्ता-पायजमा असेल तिथे फॉर्मल बुटाचा हट्ट कशाला? नेहरू शर्ट, जाकीट आणि पायात कोल्हापुरी. आपल्या हवेला तर तीच योग्य. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तेव्हा त्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे धरले गेले, त्यात आपला सोलापूरही आहे, हे पुष्कळांना माहीत नाही.

रापी_आणि_आरी

बरोबर. पण नवी कोल्हापुरी सरळ लग्नात घालू नका, तीही चावते. आधी तळाला आणि पट्ट्यांना हलकं तेल लावून ठेवा, घरात घालून पट्टा पायाच्या आकारावर येऊ द्या.

शेंगाचटणी

डर्बी घेतली, माळरान दादा. गोल टोक, अस्तर चामड्याचं, कागदावर रेघ मारून बघितली, सोलच्या आत बसली. आता दोन शंका. नाडी सारखी सुटते. आणि पँट कितपत लांब असावी?

माळरान

नाडीचा फुगा बुटाला आडवा बसतोय की उभा, घोट्याकडून बोटांकडे? उभा वळत असेल तर गाठीचे दोन वेढे एकाच दिशेने जातायत. पहिली गाठ जशी घालतोस त्याच्या उलट घाल, म्हणजे डावं टोक वर येत असेल तर उजवं वर घे. फुगा आडवा बसेल आणि दिवसभर सुटणार नाही. नाडी गोल आणि मेणाची असेल तर दुसरा वेढा दोनदा दे.

पँट: पुढे बुटावर जेमतेम एक हलकी घडी पडावी, मागे टाचेच्या कपाच्या मध्यापर्यंत यावी. सध्या मोहरी, म्हणजे पँटचा खालचा घेर, बारीक चालते. मोहरी चौदा इंचाच्या आसपास असेल तर उंची कमी घे, बुटावर नुसती टेकली तरी पुरे, नाहीतर घोट्यापाशी गोळा होते. सोळा-सतराची मोहरी असेल तर थोडी जास्त लांब चालते. तुझा पाय रुंद आहे, तेव्हा अगदी निमुळती मोहरी घेऊ नकोस. खाली रुंद बूट आणि वर चिमटलेली पँट असली की पाय आहे त्याहून मोठा दिसतो. मोजे पँटच्या रंगाचे, आणि पोटरीपर्यंत येणारे. खुर्चीत बसल्यावर नडगी दिसू नये. बेल्ट काळाच, बक्कल साधं.

उजनी_बॅकवॉटर

बाळा, शुभेच्छा. मुलाखतीच्या खोलीबाहेर एकदा बूट पुसून घे, हुतात्मात लोक पायावर पाय देऊन जातात.

कडकभाकरी

@रापी_आणि_आरी, दादा, सगळी खोकी उघडली. निरोप समारंभाचे बूटही दाबल्यावर चिकट लागतायत. पुढच्या रविवारी घरात कार्य आहे. सोल बदलून मिळेल का तोवर? शनिवारी आणले तर चालतील?

रापी_आणि_आरी

शनिवारी नको, ताई. जुना पीयू खरवडायलाच वेळ जातो. त्याचा चिकट अंश राहिला तर नवा सोल धरत नाही. सोलुशन दोन्ही बाजूंना लावून सुकू द्यावं लागतं, चिकटवल्यावर ठोकून रात्रभर दाबाखाली ठेवायचं, मग कडेचा टाका. बुधवारपर्यंत जवळच्या चांगल्या कारागिराकडे द्या, आणि देताना सांगा की नुसता चिकटवू नका, शिवूनही द्या. टाचेला कडेने रबराची पट्टी बसवून घ्या, झिजेल तेव्हा तेवढीच बदलता येते. आणि न्यायला जाल तेव्हा ज्याचे बूट आहेत त्यालाच न्या, मोजे घालून. जागेवर चालून बघू दे, नवा सोल जाडीला वेगळा असतो, त्यामुळे टाचेची उंची थोडी बदलते. खुपत असेल तर तिथेच घासून देतात.